बारा सेकंदांची चित्रफीत आणि पाऊण तासाचा मोर्चा : सुरुवात कोणी केली हे ठरवायचे कसे?

नीराकाठ :

नमस्कार. गेल्या उन्हाळ्यात आमच्या तालुक्याच्या गावी नळाला नऊ दिवसांआड पाणी येऊ लागले, तेव्हा आम्ही बायकांनी नगरपालिकेवर हंडा मोर्चा नेला होता. मी तिसऱ्या रांगेत होते. मोर्चा पाऊण तास चालला आणि त्यातल्या जेमतेम एकवीस सेकंदांवरून दुसऱ्या दिवशी गावात दोन तट पडले.

पहिली चित्रफीत बारा सेकंदांची होती. तिच्यात एक महिला पोलीस एका बाईला दंडाला धरून ओढते आहे आणि बाई ओरडते आहे, एवढेच दिसते. खाली कोणीतरी लिहिले होते, ‘आयाबहिणींवर हात टाकणारे हेच का रक्षक?’ दुसरी नऊ सेकंदांची. तिच्यात एक तरुण रिकामा हंडा फाटकावरून आत भिरकावतो आणि तो एका हवालदाराच्या खांद्यावर आदळतो. तिच्याखाली ‘मोर्चेकऱ्यांचा पोलिसांवर हल्ला’ असे होते. दोन्ही चित्रफिती खऱ्या आहेत. कोणीही त्यात काही घातलेले नाही, काही खोडलेले नाही.

मी जे पाहिले ते असे. साडेअकराला निवेदन घ्यायला अधिकारी खाली येतील असे सांगितले गेले. कोणी आले नाही. पंचवीस मिनिटे आम्ही उन्हात उभ्या होतो. मग आतून फाटक लावून घेतले गेले, मागच्यांना ते कळले नाही, त्या पुढे सरकत राहिल्या आणि पहिल्या रांगेतल्या बायका गजांवर दाबल्या गेल्या. त्या महिला पोलिसाने ज्या बाईला ओढले ती खाली पडायच्या बेतात होती, हे मी चार हातांवरून पाहिले. हंडा त्यानंतर पाच-सात मिनिटांनी पडला.

हे सगळे डोळ्यांनी पाहिलेले असूनही त्या संध्याकाळी पहिली चित्रफीत मी स्वतः तीन ग्रुपांवर पाठवली. का पाठवली, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. माझा राग निवेदन घ्यायला कोणी आले नाही याचा होता, पण न येण्याचे चित्र काढता येत नाही. हाती जे चित्र होते त्यावर मी तो राग लादला, आणि ज्या पोलीसबाईने एका बाईला चेंगरण्यापासून वाचवले तिची गावभर नाचक्की होण्यात माझाही हात लागला.

आमच्या वाचनालयात दर रविवारी काही विद्यार्थी आणि गृहिणी जमतात, तिथे पुढच्या महिन्यात हा विषय घ्यायचा आहे. त्यासाठी इथल्या जाणकारांना तीन गोष्टी विचारते. चित्रफीत मधूनच कापलेली आहे हे पाहणाऱ्याला कशावरून ओळखता येते? निवडक काटछाटीमुळे किंवा क्रम बदलल्यामुळे पोलिसांबद्दल अथवा आंदोलकांबद्दल लोकांचे मत बनले आणि पुढे ते उघडकीला आले, अशी खात्रीची उदाहरणे कोणती? आणि काटछाट होतेच म्हणून कोणत्याच चित्रफितीवर विश्वास ठेवू नये, असे मुलांना सांगणे योग्य ठरेल का?

शेफील्डकर :

नीराकाठताई, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे एक उत्तर माझ्या घरापासून गाडीने पाव तासावर आहे. दक्षिण यॉर्कशरमध्ये ऑरग्रीव्ह नावाचे ठिकाण आहे. तिथे पूर्वी दगडी कोळशापासून कोक तयार करणारा कारखाना होता. आज त्या परिसरात वेव्हर्ली नावाची नवी वस्ती उभी आहे आणि तिथे राहायला आलेल्या कित्येकांना आपल्या पायाखालच्या जमिनीवर काय घडले याची कल्पना नसते.

१९८४ च्या मार्च महिन्यात ब्रिटनमधल्या खाणकामगारांचा संप सुरू झाला. या कारखान्यातून स्कन्थॉर्पच्या पोलाद कारखान्याकडे जाणारे कोकचे ट्रक अडवण्यासाठी १८ जून १९८४ रोजी हजारो कामगार जमले आणि त्यांच्यासमोर हजारो पोलीस उभे होते, ढाली घेतलेले आणि घोड्यांवरचेही. त्या संध्याकाळी बीबीसीच्या बातमीपत्रात लोकांनी जे पाहिले त्याचा क्रम असा होता : कामगार दगड फेकतात आणि मग घोडेस्वार पोलीस त्यांच्यावर चाल करून जातात. पाहणाऱ्याला ‘दगडफेक झाली म्हणून घोडे सोडावे लागले’ असा शब्दही ऐकवण्याची गरज उरली नाही, कारण दोन दृश्यांच्या क्रमानेच ते वाक्य पूर्ण केले होते.

पुढे ९५ कामगारांवर दंगलीचे आणि तत्सम गंभीर आरोप ठेवले गेले. दंगलीच्या आरोपाला त्या वेळी जन्मठेपेपर्यंतची शिक्षा होती. शेफील्डच्या न्यायालयात पहिल्या पंधरा जणांवरचा खटला ४८ दिवस चालला आणि १९८५ च्या जुलैत कोसळला, कारण पोलिसांच्या साक्षी उलटतपासणीत टिकेनात. त्याच खटल्यात पोलिसांनी स्वतः काढलेले चित्रण दाखवले गेले आणि त्यात क्रम वेगळा दिसला : दगडांचा मोठा मारा घोडे अंगावर घातल्यानंतरचा होता. १९९१ मध्ये दक्षिण यॉर्कशर पोलिसांनी ३९ जणांना मिळून ४ लाख २५ हजार पौंड भरपाई दिली, मात्र चूक कबूल केली नाही. त्याच वर्षी बीबीसीनेही मान्य केले की घाईच्या संकलनात दृश्यांचा क्रम अनवधानाने उलटा झाला होता.

ते अनवधान होते की नव्हते यावर इथे अजून वाद होतात आणि मी त्यात पडत नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की परिणामाच्या दृष्टीने त्याने फरक पडला नाही. दगड फेकले गेले हे कोणीच नाकारत नाही, घोडे धावले हेही कोणी नाकारत नाही. दृश्ये तीच ठेवून फक्त त्यांची जागा बदलली की कृती आणि प्रतिक्रिया यांची अदलाबदल होते. खटल्यातून कामगार एका वर्षात सुटले, पण त्या दिवसाची रीतसर सार्वजनिक चौकशी करण्याची घोषणा ब्रिटिश सरकारने केली ती जुलै २०२५ मध्ये, म्हणजे ४१ वर्षांनी. मधल्या काळात कितीतरी कामगार ‘पोलिसांवर हल्ला करणारे’ हा शिक्का घेऊनच वारले.

कात्री :

मी एका मराठी वृत्तवाहिनीत अकरा वर्षे व्हिडिओ एडिटर होतो. वाहिनीचे नाव सांगत नाही, कारण मी जे लिहितो आहे ते कोणा एका ठिकाणचे नाही, ती त्या कामाची पद्धत आहे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर देण्याआधी ती पद्धत सांगतो, म्हणजे खुणा कुठे शोधायच्या ते आपोआप कळेल.

तालुक्याचा स्ट्रिंगर, म्हणजे कामापुरते पैसे घेणारा स्थानिक वार्ताहर, फोनवर अठरा-वीस मिनिटे चित्रण करतो. नेटवर्क कमी असते, म्हणून तो सगळे पाठवत नाही. त्यातले त्याला ‘जोरदार’ वाटलेले चार तुकडे पाठवतो. म्हणजे पहिली निवड आमच्यापर्यंत पोहोचण्याआधीच झालेली असते, आणि ती रस्त्याच्या कडेला उभे राहून दोन मिनिटांत केलेली असते. मग आउटपुट डेस्कवरून, म्हणजे बातमीपत्राची अंतिम जुळणी करणाऱ्या विभागाकडून, निरोप येतो की अँकर दीड मिनिट बोलणार आहे, त्याखाली दृश्ये हवीत. हाती असतात चाळीस सेकंद. तेव्हा त्याच चाळीस सेकंदांचा लूप लावला जातो. एका पोलिसाने एकदा उगारलेली लाठी दीड मिनिटात दोन-तीन वेळा पडते, आणि दिवसभराच्या बुलेटिनांत तीच लाठी शंभर वेळा पडते. संध्याकाळी घरी बसलेल्या माणसाच्या मनात उरते ते ‘पोलीस मारतच होते’ किंवा ‘लोक दगड मारतच होते’. खोटे असे एकही दृश्य त्यात नसते.

सर्वांत चांगला शॉट आधी लावायचा, हे आम्हाला पहिल्या आठवड्यात शिकवले जाते. ऑरग्रीव्हचा क्रम कसा उलटला हे मला ठाऊक नाही, पण कसा उलटू शकतो हे मी हाताने केलेले आहे. एका बंदच्या बातमीत जळत्या टायरचा शॉट मी सुरुवातीला घेतला, कारण तोच डोळ्यांत भरणारा होता. टायर पेटला होता तो लाठीमारानंतर, दुपारी. बातमीत तो सकाळचा झाला. दुसऱ्या दिवशी त्या गावातल्या एका शिक्षकांचा फोन आला. ते रागावले नव्हते, फक्त इतकेच म्हणाले की आमची मुले शांतपणे बसली होती, ते चित्रण तुमच्याकडे आलेच नाही का? ते आले होते. अकरा मिनिटांचे होते. बसलेल्या माणसांचे चित्रण कोणी वापरत नाही. तो फोन मी विसरलेलो नाही.

आता खुणा. चित्रफीत हालचालीच्या मधोमध सुरू होते का, हे आधी पाहावे. लाठी हवेत असतानाच किंवा माणूस पळत असतानाच पहिली चौकट येत असेल, तर त्याच्या आधीचे काहीतरी कापलेले आहे किंवा कॅमेरा उशिरा सुरू झाला आहे, आणि दोन्ही वेळा ‘त्याआधी काय?’ हा प्रश्न उघडा राहतो. आवाज नीट ऐकावा. डोळा जो सांधा सोडून देतो तो कानाला सापडतो : घोषणा अर्ध्या शब्दात तुटते, भोंग्याचा आवाज एकदम नाहीसा होतो. आवाज काढून त्या जागी संगीत घातले असेल तर अधिक सावध व्हावे, कारण जमावाला पांगण्याची सूचना ध्वनिक्षेपकावरून दिली होती की नाही हे फक्त आवाजावरूनच कळले असते. सावल्या पाहाव्यात, पहिल्या दृश्यात आखूड आणि दुसऱ्यात लांब असतील तर मध्ये काही तास गेलेले आहेत. आडवे चित्रण उभ्या चौकटीत कापले असेल तर दोन्ही कडांची माणसे गेलेली असतात.

आणि कॅमेरा कोठे उभा आहे हे विचारावे. ही काटछाट टेबलावर होत नाही, रस्त्यावरच होते. पोलिसांच्या रांगेमागून घेतलेल्या चित्रणात दगड पाहणाऱ्याच्या अंगावर येतात, जमावातून घेतलेल्या चित्रणात ढाली अंगावर येतात. ज्या बाजूला कॅमेरा उभा असतो, त्या बाजूची भीती पाहणाऱ्याच्या वाट्याला येते. सुरक्षिततेसाठी आमचे कॅमेरामन बहुतेक वेळा पोलिसांच्या मागे उभे राहत. फोनवाले बहुतेक वेळा जमावात असतात. गेल्या काही वर्षांत लोकमत इकडून तिकडे हेलकावते, त्याचे हे एक कारण आहे असे मला वाटते.

चित्रातल्या एखाद्या माणसाभोवती काढलेले लाल वर्तुळ आणि संथ गती यांबद्दलही सांगायचे आहे. २०१६ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात असे आढळले की हिंसेचे तेच चित्रण संथ गतीने दाखवले तर ती कृती पाहणाऱ्यांना अधिक हेतुपुरस्सर वाटते, कारण करणाऱ्याला विचार करायला वेळ होता असा भास होतो. प्रत्यक्षात त्याच्याकडे अर्धा सेकंदही नसतो. आम्ही संथ गती वापरायचो ती नीट दिसावे म्हणून. दिसायचे नीटच, पण त्याबरोबर हेतूही दिसू लागायचा.

बंदोबस्त :

तेहतीस वर्षे पोलीस खात्यात काढून फौजदार म्हणून निवृत्त झालो. वरचे तिन्ही प्रतिसाद काळजीपूर्वक वाचले. नीराकाठताईंनी त्या पोलीसबाईंबद्दल जे लिहिले ते वाचून बरे वाटले, कारण असे कोणी लिहीत नाही.

बंदोबस्ताला उभा असलेला शिपाई सकाळी सहाला घरून निघालेला असतो. सहा तास शिव्या ऐकून तो हलत नाही, आणि सातव्या तासाला त्याचा हात उठतो. तो उठणे चुकीचेच आहे, त्याचे समर्थन मी करणार नाही, त्यासाठी खात्यात शिक्षा आहे आणि ती व्हावी. पण त्या सहा तासांचे चित्रण कोणाजवळही नसते. कात्री यांनी बसलेल्या मुलांच्या अकरा मिनिटांबद्दल लिहिले आहे, उभ्या असलेल्या पोलिसांचेही तसेच आहे. शांततेला प्रेक्षक मिळत नाही, आणि त्याचे नुकसान दोन्ही बाजूंना होते.

आमच्या खात्याने मात्र हाच धडा उलटा गिरवू नये. हल्ली पोलीसही घटनेनंतर आपली चित्रफीत प्रसिद्ध करतात आणि तीही निवडलेलीच असते. १ सप्टेंबर २०२३ रोजी जालना जिल्ह्यातल्या अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणाच्या उपोषणाच्या ठिकाणी लाठीमार झाला. त्या संध्याकाळी महाराष्ट्रभर लाठ्यांची दृश्ये फिरली, मागाहून दगडफेकीची आणि जखमी पोलिसांची. तीन दिवसांनी तत्कालीन गृहमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी शासनाच्या वतीने क्षमा मागितली, जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांना सक्तीच्या रजेवर पाठवले गेले. तरीही लोक आजपर्यंत ज्या प्रश्नावर भांडतात तो ताईंनी विचारलेलाच आहे : आधी काय झाले? लोकांना सलग चित्रण वेळेसह मिळाले असते तर पोलिसांवरचा अविश्वास निदान काही अंशी कमी झाला असता, असे माझे मत आहे. ज्याच्याकडे पूर्ण चित्रण आहे त्याने तुकडा दाखवला की लोक उरलेल्याबद्दल वाईटच कल्पना करतात, आणि त्यांचा दोष नसतो.

पक्षकार :

मी उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठासमोर वकिली करते. बंदोबस्त यांचे शेवटचे वाक्य मला फार महत्त्वाचे वाटते, आणि ते दोन्ही पक्षांना लागू आहे, यासाठी दिल्लीतली दोन उदाहरणे देते.

१५ डिसेंबर २०१९ रोजी जामिया मिलिया इस्लामिया विद्यापीठात पोलीस शिरले. दोन महिन्यांनी, फेब्रुवारी २०२० मध्ये, विद्यार्थी आणि माजी विद्यार्थ्यांच्या समितीने वाचनकक्षातली ४९ सेकंदांची चित्रफीत प्रसिद्ध केली. तीत सुरक्षा दलाचे जवान वाचत बसलेल्या मुलांना लाठ्यांनी मारताना दिसतात. त्यानंतर काही तासांतच दुसऱ्या चित्रफिती आल्या. त्यांत काही मुले, काहींची तोंडे झाकलेली, घाईने त्या इमारतीत शिरतात आणि दाराला सामान लावतात. एका वाहिनीने त्यातल्या एका मुलाच्या हातात दगड असल्याचे सांगितले, तथ्य पडताळणाऱ्यांनी चौकट मोठी करून ते पाकीट असल्याचे दाखवले. पहिल्या चित्रफितीत ‘त्याआधी काय’ नव्हते, आणि दुसऱ्या चित्रफितीत ‘त्यानंतर काय’ नव्हते. मुले पळत येऊन लपली असली तरी बसलेल्या मुलांना मारणे कायदेशीर होत नाही, ही गोष्ट मात्र त्या दोन तुकड्यांच्या भांडणात कोणी बोलेनासे झाले.

दुसरे उदाहरण शेतकरी आंदोलनाचे. नोव्हेंबर २०२० च्या अखेरीस सिंघू सीमेवर एक जवान एका वृद्ध शीख शेतकऱ्यावर लाठी उगारत असल्याचे छायाचित्र पीटीआय या वृत्तसंस्थेच्या छायाचित्रकाराने टिपले आणि ते देशभर पोहोचले. त्यावर भारतीय जनता पक्षाच्या माहिती तंत्रज्ञान विभागाचे प्रमुख अमित मालवीय यांनी काही सेकंदांची चित्रफीत टाकून असे दाखवले की लाठी त्या शेतकऱ्याला लागलीच नाही. त्याच प्रसंगाचे अधिक लांबीचे चित्रण होते आणि त्यात आणखी एका जवानाने त्याच माणसावर लाठी चालवल्याचे दिसत होते. डिसेंबरच्या आरंभी ट्विटरने त्या पोस्टवर ‘फेरफार केलेले माध्यम’ अशी खूण लावली. इथे फेरफार म्हणजे काय, तर शेवट कोठे करायचा याची निवड. तेवढ्यानेच एक माणूस मार खाल्लेला न राहता कांगावाखोर ठरत होता.

आता पुराव्याविषयी, कारण मोर्चाला जाणाऱ्यांना याचा प्रत्यक्ष उपयोग आहे. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंद पुराव्यात आणायची तर प्रमाणपत्र लागते आणि १ जुलै २०२४ पासून त्या प्रमाणपत्रात फाइलचे हॅश मूल्य द्यावे लागते. प्रमाणपत्र अनिवार्य आहे हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये अर्जुन पंडितराव खोतकर प्रकरणात स्पष्ट केले होते. तो वादही जालन्याच्या निवडणुकीतल्या चित्रणावरूनच उद्भवला होता. हॅश म्हणजे फाइलचा अंगठा समजा, तिच्यातला एक बिंदू जरी बदलला तरी अंगठा जुळत नाही.

परंतु हॅश काय सांगत नाही तेही समजून घ्यायला हवे. हॅश काढल्यानंतर फाइल बदलली नाही एवढेच तो सांगतो. चित्रण सुरू होण्याआधी काय झाले, कॅमेरा कोणत्या क्षणी बंद केला, हे कोणतेही प्रमाणपत्र सांगू शकत नाही. ताईंच्या गावच्या दोन्ही चित्रफिती उद्या न्यायालयात निर्दोष प्रमाणपत्रासह येऊ शकतील आणि तरीही दोन्ही मिळून दिशाभूल करतील. म्हणून मी माझ्या पक्षकारांना सांगते की मूळ चित्रण फोनमधून पुसू नका आणि त्याची काटछाट करू नका. व्हॉट्सॲपवरून गेलेली प्रत दाबून लहान केलेली असते, तिच्यावर विसंबू नका. आणि शक्य असेल तर लाठी उगारली गेल्यावर नव्हे, त्याच्या आधीपासून चित्रण सुरू ठेवा, कंटाळवाणे वाटले तरी. पोलीस ठाण्यांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये परमवीर सिंह सैनी प्रकरणात आवाजासह सीसीटीव्ही आणि निदान एक वर्ष साठवण बंधनकारक केली. रस्त्यावरच्या बंदोबस्ताच्या चित्रणासाठी तेवढा स्पष्ट नियम हवा, असे मला मनापासून वाटते.

फलकलेखक :

मी महाविद्यालयात माध्यमशास्त्र शिकवतो. पूर्ण चित्रण मिळाले की वाद मिटेल, असा सूर वरच्या काही प्रतिसादांत आहे, आणि त्याला मला आदरपूर्वक हरकत घ्यायची आहे.

३ मार्च १९९१ च्या रात्री लॉस एंजेलिसमध्ये पोलिसांनी रॉडनी किंग या कृष्णवर्णीय माणसाला रस्त्यावर पाडून दंडुक्यांनी मारले. समोरच्या इमारतीच्या बाल्कनीतून एका रहिवाशाने हँडीकॅमवर ते टिपले आणि एका स्थानिक वाहिनीला दिले. वाहिनीने सुरुवातीची काही सेकंदे वगळली, ती अस्पष्ट होती आणि त्यात किंग उठून एका पोलिसाच्या दिशेने जाताना दिसत होता. जगाने पाहिली ती ही कापलेली आवृत्ती. वर्षभराने सिमी व्हॅलीच्या न्यायालयात ज्यूरीने पूर्ण चित्रण पाहिले. इथवर हे उदाहरण ‘काटछाटीने फसवले, पूर्ण चित्रणाने सत्य दिसले’ असे सांगता येईल, आणि अनेक जण तसे सांगतातही.

पण न्यायालयात आणखी एक गोष्ट घडली. बचाव पक्षाने ते चित्रण चौकट चौकट थांबवत दाखवले. प्रत्येक फटका वेगळा काढून, ‘या क्षणी त्याचा पाय उचललेला आहे, म्हणजे तो प्रतिकार करतो आहे’ असे तज्ज्ञाकडून वदवले. सलग पाहताना जी मारहाण दिसते ती अशी तुकड्यांत पाहिली की छोट्या छोट्या समंजस निर्णयांची मालिका वाटू लागते. एकही चौकट न गाळता केलेली ती काटछाटच होती. २९ एप्रिल १९९२ रोजी चारही पोलिसांना त्या ज्यूरीने मारहाणीच्या आरोपात दोषी ठरवले नाही, शहर पेटले आणि साठहून अधिक माणसे मेली. १९९३ मध्ये संघराज्याच्या न्यायालयात त्याच चित्रणाच्या आधारे त्यांपैकी दोघांना शिक्षा झाली. चित्रण तेच, निकाल दोन.

आणि समजा, कोणीही काहीही कापले नाही, तरी पाहणारा कापतो. येल विद्यापीठातले डॅन कहान आणि त्यांचे सहकारी यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग मी दरवर्षी वर्गात सांगतो. २०२ अमेरिकी लोकांना एका निदर्शनाची एकच चित्रफीत दाखवली. निम्म्यांना सांगितले की हे लोक गर्भपात केंद्राबाहेर गर्भपाताला विरोध करत आहेत. उरलेल्यांना सांगितले की ते लष्करभरती केंद्राबाहेर समलिंगी सैनिकांवरच्या बंधनांचा निषेध करत आहेत. पोलिसांनी त्यांना पांगवले ते योग्य होते का, निदर्शकांनी कोणाला अडवले का, धमकावले का, असे विचारले. ज्याचा त्याचा कल ज्या बाजूला होता त्यानुसार उत्तरे बदलली, आणि बदलली ती मते नव्हेत तर ‘मी काय पाहिले’ याची साक्षच बदलली. नीराकाठताईंनी घटना डोळ्यांनी पाहिलेली असूनही पहिली चित्रफीत पुढे पाठवली, त्यामागचे कारण त्यांनी स्वतःच लिहिले आहे आणि त्या प्रयोगातल्या कोणाही माणसाहून अधिक प्रामाणिकपणे लिहिले आहे.

तिसऱ्या प्रश्नाबद्दल. ‘कशावरच विश्वास ठेवू नका’ असे मुलांना कृपया सांगू नका. १ एप्रिल २००९ रोजी लंडनमध्ये जी-२० परिषदेविरुद्धच्या निदर्शनांच्या वेळी इयन टॉमलिन्सन हा वर्तमानपत्र विक्रेता कोसळून मेला. तो निदर्शकही नव्हता. पोलिसांकडून आलेल्या पहिल्या माहितीत पोलिसांनी त्याला मारल्याचा उल्लेख नव्हता. सहा दिवसांनी एका परदेशी पाहुण्याने काढलेली छोटी चित्रफीत ‘गार्डियन’ने प्रसिद्ध केली आणि त्यात एक पोलीस त्याला दंडुका मारून मागून ढकलताना दिसला. २०११ मध्ये मृत्यूच्या चौकशीत ज्यूरीने ती बेकायदेशीर हत्या ठरवली. त्या पोलिसावर मनुष्यवधाचा खटला चालला, त्यात तो २०१२ मध्ये निर्दोष सुटला, पण खात्यातून बडतर्फ झाला. ती चित्रफीतही अपुरीच होती. तिच्याशिवाय मात्र त्या माणसाच्या मरणाची बाजू मांडायला काहीच उरले नसते. अविश्वास सरसकट शिकवला की त्याचा फायदा नेहमी त्यालाच होतो, ज्याच्या शब्दाला पुराव्याशिवायही वजन असते.

कात्री :

फलकलेखक यांचे चौकट चौकट थांबवण्याविषयीचे म्हणणे मला पूर्ण पटते. मी लाल वर्तुळे काढायचो तेव्हा हेच करत होतो, फक्त ज्यूरीऐवजी प्रेक्षकांसाठी.

ताई, वाचनालयात एक गोष्ट करून पाहा. दोन्ही चित्रफिती आधी तुमच्या मोर्चाच्या खऱ्या क्रमाने दाखवा, मग उलट्या क्रमाने, आणि मुलांना दोन्ही वेळा एकेक वाक्य लिहायला लावा. क्रम आधी सांगू नका. वाक्यातले ‘म्हणून’ कुठे पडते ते पाहा.

नीराकाठ :

सर्वांची मनापासून आभारी आहे. कात्री यांनी सुचवले तसे परवा घरी माझ्या दोन भाच्यांवर करून पाहिले. खऱ्या क्रमाने पाहणाऱ्या भाचीने लिहिले, ‘पोलिसांनी बाईला ओढले म्हणून मुलाने हंडा फेकला.’ उलट्या क्रमाने पाहणाऱ्या भाच्याने लिहिले, ‘हंडा फेकला म्हणून पोलिसांनी बाईला पकडले.’ मला धक्का बसला तो पहिल्या वाक्याचा, कारण क्रम खरा असूनही तेही चूक आहे. हंडा फेकणारा मुलगा मागच्या बाजूला होता, त्याने ते ओढणे पाहिलेलेच नव्हते. तो चिडला होता उन्हात ताटकळलेल्या आईसाठी.

पक्षकारताईंचे वाचून मी फाटकासमोरच्या किराणा दुकानदाराकडे गेले होते. त्यांच्या सीसीटीव्हीत पंधरा दिवसांचेच चित्रण राहते, ते केव्हाच पुसले गेले. मग ज्या बाईंना ओढले होते त्यांना भेटले. त्या म्हणाल्या की दंड दुखला, पण पाय निसटला होता, खाली गेले असते तर उठले नसते. ही गोष्ट कोणी त्यांना विचारलीच नव्हती. ती पोलीसबाई आता बदलून दुसऱ्या ठाण्याला गेली आहे. तिचा पत्ता मिळवून पत्र लिहिणार आहे. ज्या तीन ग्रुपांवर ती चित्रफीत पाठवली होती तिथे मी काय पाहिले होते ते काल लिहिले. एकावर कोणी काही बोलले नाही, दोनांवर भांडण झाले.

वाचनालयाच्या भिंतीवर आम्ही पंचेचाळीस मिनिटांची एक लांब कागदी पट्टी लावणार आहोत, मिनिटामिनिटाच्या रेघा आखून. तिच्यावर एकवीस सेकंद लाल रंगाने भरले. ते बोटाच्या पेराएवढेही होत नाहीत. उरलेल्या जागेत मोर्चातल्या बायका, आणि आले तर बंदोबस्ताचे पोलीस, आपल्याला आठवते ते आपल्या हाताने लिहितील. साडेअकरापासून पुढची पंचवीस मिनिटे अजून कोरी आहेत. बंदोबस्तसाहेब, आपल्या भागात येणे झाले तर रविवारी चारला आम्ही असतो.